आरसी हरवली, पण गाडी कुणाची?

इयरफोन लावले असतील तर आवाज थोडा वाढवा, कारण आजचा एपिसोड नागझिऱ्याच्या काठावरच्या गावात सुरू होतो आणि मागं कोंबडे ओरडतायत. मी काही ते एडिट करणार नाही.

आजचा विषय ऐकायला एकदम कोरडा आहे. गाडीची आरसी, म्हणजे नोंदणीचं कार्ड, हरवलं तर काय करायचं? आणि तेही कधी, तर गाडी ओळखीतून, विना डीलर, हातावर पैसे देऊन घेतलेली असताना. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी पहिली बाइक अशीच घेतली असणार. कॉलेजच्या सीनियरकडून, नाहीतर दूरच्या काकांकडून. आणि त्यातल्या कितीजणांनी नाव बदलून घेतलं? हात वर करायची गरज नाही, मला उत्तर माहीत आहे. माझ्या घरात तेच झालंय.

तर गोष्ट सांगतो.

माझे मामा चोरखमाऱ्याच्या बाजूला राहतात. नागझिरा अभयारण्याचं एक गेट तिकडे आहे. घरामागं धानाची बांधी, पलीकडे तलाव, आणि तलावाच्या पलीकडे जंगल. २०२३ च्या दिवाळीनंतर मामांनी एक जुनी ओम्नी घेतली. २०१२ ची, पांढरी, एमएच-३५ पासिंग, म्हणजे गोंदियाचीच. विकणारे एक निवृत्त गुरुजी. मामांना त्यांनी चौथीत शिकवलेलं. आता असा विकणारा असल्यावर कागदपत्रांचा विषय कोण काढणार? स्टॅम्प पेपरवर चार ओळी लिहिल्या, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, ८५ हजार रुपये मोजले, चहा झाला. गुरुजींनी किल्ली दिली, आरसीचं कार्ड दिलं, आणि महिनाभरात ते मुलाकडे नागपूरला राहायला गेले.

मामा म्हणाले, धान विकलं की नाव करून घेऊ. धान विकलं. मग मावसबहिणीचं लग्न आलं. मग म्हणाले, मोहफूल झालं की बघू.

आणि मोहफुलातच कार्ड गेलं. तिकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे सगळं गाव मोह वेचायला निघतं. उजाडल्यावर ऊन चढायला लागलं, मामांनी शर्ट काढून फांदीला टांगला. खिशात प्लास्टिकच्या पाकिटात आरसी. घरी आले तेव्हा शर्ट होता, पाकीट नव्हतं. दोन दिवस पाचोळा उपसला. मिळालं नाही.

मला पुण्यात फोन आला. "भाच्या, तू त कम्प्युटरवाला आहेस ना. एक कार्ड बनवून दे."

मीही काय म्हटलं? "हो मामाजी, पाच मिनिटांचं काम आहे."

मंडळी, हे वाक्य आमच्या धंद्यात कुणी उच्चारलं की समजायचं, आता वीकेंड गेला.

मी वाहनच्या पोर्टलवर गेलो. परिवहन डॉट गव्ह डॉट इन. गाडीचा नंबर टाकला, चेसिस नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले. चेसिस नंबर विम्याच्या कागदावर होता. डुप्लिकेट आरसीचा पर्याय दिसला. मी खूश. आणि मग स्क्रीनवर आलं की ओटीपी पाठवला आहे, अमुक शेवटच्या आकड्यांच्या मोबाइलवर. तो नंबर मामांचा नव्हता. गुरुजींचा होता. आणि गुरुजींचाही जुना, जो त्यांनी कधीच बंद केला होता.

तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. मी समजत होतो, मामांची आरसी हरवलीय. पण मामांकडे आरसी कधी नव्हतीच! हरवली होती ती गुरुजींची आरसी. मामांच्या खिशातून, एवढंच.

हाच आजचा मुद्दा आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. ते कार्ड म्हणजे गाडीची मालकी नव्हे. कार्ड म्हणजे प्रिंटआउट. खरी नोंद आरटीओच्या रजिस्टरमध्ये असते, आजच्या भाषेत वाहनच्या डेटाबेसमध्ये. डेटाबेसमध्ये नाव गुरुजींचं, म्हणून कायद्याच्या नजरेत मालक गुरुजी. मोटार वाहन कायदा, १९८८, त्याच्या कलम २ मध्ये 'मालक' या शब्दाची व्याख्याच आहे: ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. किल्ली कुणाकडे, पैसे कुणी दिले, पेट्रोल कोण भरतं, यातलं त्या व्याख्येत काही नाही. कर्जावर किंवा भाडेखरेदीवर घेतलेल्या गाडीला थोडं वेगळं आहे, ते सोडा.

म्हणजे डुप्लिकेट आरसीचा अर्ज कोण करू शकतो? नोंदणीकृत मालक. घेणारा नाही. घेणाऱ्याकडे स्टॅम्प पेपर असला तरी नाही.

आता मी सुट्टी टाकली आणि महाराष्ट्र एक्सप्रेसनं तिरोड्याला उतरलो. घरी पोचतोय तोवर मामांनी तोडगा शोधून ठेवला होता. कामं करून देणारा एक माणूस. त्याचं म्हणणं साधं होतं. तीन हजार द्या, फॉर्मवर गुरुजींची सही मीच करतो, मोबाइल नंबरचंही बघून घेतो, तुम्हाला नागपूरला जायची गरज नाही.

खरं सांगू? मी जवळजवळ हो म्हटलं होतं. माझ्याकडे चार दिवस होते. मनात आलं, गुरुजींना काय कळणार, आणि कळलं तरी ते काय आपल्यावर केस करणार आहेत? चौथीत शिकवलंय त्यांनी मामांना.

मग रात्री तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो, कारण आमच्याकडे टॉवरच्या दोन काड्या तिथंच येतात, आणि मोबाइलवर कायदा वाचत बसलो. दुसऱ्याची खोटी सही करणं हा फौजदारी गुन्हा आहे, हे मला माहीत होतंच. पण वाचता वाचता जे सापडलं त्यानं झोप उडाली.

२०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिलाय. प्रकरण असं: एका माणसानं २००७ मध्ये आपली कार विकली. घेणाऱ्यानं ती पुढं विकली. त्यानं आणखी पुढं. कार हातोहात फिरत राहिली, पण रजिस्टरमध्ये नाव पहिल्याच माणसाचं. २००९ मध्ये त्या कारनं अपघात केला, त्यात एकाचा जीव गेला. भरपाई कुणी द्यायची? उच्च न्यायालयात पहिला माणूस सुटला होता, कारण गाडी त्याच्या ताब्यात नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं. नोंदणी ज्याच्या नावावर, तो मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. कारण अगदी माणुसकीचं आहे: ज्याच्या घरातलं माणूस गेलंय, त्यानं 'गाडी याला विकली, त्यानं त्याला विकली' करत दारोदार का फिरायचं?

वाचलं आणि मला मामांची ओम्नी दिसली. ती गाडी फक्त मामांची नव्हती हो. गावात रात्री कुणाला साप चावला, कुणाचं पोट दुखलं, कुणाची डिलिव्हरी आली, की मामांचं दार वाजतं. मग ती ओम्नी अंधारात जंगलाच्या रस्त्यानं तिरोड्याच्या दवाखान्याकडे सुटते. त्या रस्त्यावर रात्री रानडुक्कर आडवं येतं, चितळं येतात. पाच महिने मामा असे फेऱ्या मारत होते. आणि त्या प्रत्येक फेरीत, एक ब्रेक चुकला असता तर, नागपुरात शांत झोपलेल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या पेन्शनवर गदा आली असती. त्याला ते माहीतही नव्हतं.

सकाळी मामांना म्हटलं, "मामाजी, खोटी सही नको. गुरुजींकडे जाऊ. आणि त्यांना सगळं सांगू."

मामा म्हणाले, "सगळं काहून सांगतेस? घाबरतील ना ते."

म्हटलं, घाबरायला पाहिजेच.

आम्ही तिरोड्याहून ट्रेननं नागपूरला गेलो. गुरुजींनी हसून स्वागत केलं. मी पाणी पिऊन सगळं सांगितलं. कार्ड हरवलं, नाव बदललं नाही, आणि त्याचा अर्थ काय तोही. कायद्याच्या कलम ५० नुसार गाडी विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत. म्हणजे चूक एकट्या मामांची नव्हती. गुरुजींचीही होती.

गुरुजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला वाटलं, किल्ली दिली की संपलं."

त्यांचा मुलगा मात्र भडकला. आणि त्याचं काही चुकलं नाही. तो म्हणाला, "पाच महिने तुम्ही लोकांना घेऊन फिरताय, आणि जबाबदारी माझ्या बाबांची? आम्ही सही का करावी?" मामा खाली मान घालून बसले. माझे मामा, जे गावात कुणापुढं मान घालत नाहीत.

शेवटी गुरुजींनीच तोडलं. म्हणाले, सही करतो. एका अटीवर. नाव बदलून हातात येईपर्यंत गाडी अंगणातून हलवायची नाही.

मामा म्हणाले, "नाही हलवणार, गुरुजी."

आता प्रत्यक्ष काय काय केलं ते सांगतो. हा भाग सेव्ह करून ठेवा.

एक. पोलिसांत नोंद. नियम असा की जिथं आरसी हरवली त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात कळवायचं. पुण्यात राहता म्हणून पुण्यात नाही. गाडीचा नंबर, कुठं आणि अंदाजे कधी हरवली हे त्यात नीट लिहिलेलं हवं. त्याची प्रत जपून ठेवा.

दोन. मोबाइल नंबर. रेकॉर्डमधला नंबर बंद असेल तर आधी तो बदलून घ्यावा लागतो, आणि तोही मालकाचाच. गुरुजींचा चालू नंबर आधी लावून घेतला. मालकाच्या आधारला चालू मोबाइल जोडलेला असेल तर काही सेवा घरबसल्या होतात. नसेल तर कार्यालयात चक्कर आहे.

तीन. कर्जाची नोंद. हे आमच्या लक्षातच नव्हतं. गुरुजींनी गाडी कर्जावर घेतली होती. कर्ज कधीच फिटलं होतं, पण रेकॉर्डवर बँकेचा बोजा तसाच होता. हप्ते संपले म्हणून तो आपोआप जात नाही! बँकेकडून ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घ्यायचा. त्यावर बँक आणि मालक दोघांच्या सह्या, आणि मग आरटीओत तो बोजा उतरवायचा. बोजा असताना डुप्लिकेटच्या अर्जावरही बँकेची संमती लागते, म्हणून हे आधी निपटवा. तुमच्या स्वतःच्या बाइकचं कर्ज फिटलं असेल, तर आजच तपासा.

चार. फॉर्म २६. हाच डुप्लिकेट आरसीचा अर्ज. सही नोंदणीकृत मालकाची. सोबत पोलिसांची नोंद, विमा, पीयूसी, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. यात मालक असंही लिहून देतो की कार्ड खरंच हरवलंय, कुणी जप्त केलेलं नाही. म्हणून म्हणतो, खोटी सही म्हणजे नुसती सही नव्हे, खोटं निवेदनसुद्धा.

पाच. फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. ही नाव बदलण्याची जोडगोळी. २९ म्हणजे विकणाऱ्यानं दिलेली सूचना, 'मी गाडी याला विकली'. ३० म्हणजे हस्तांतराचा अर्ज, दोघांच्या सह्यांचा. आमच्याकडून चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंटही घेतला. नंबरावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची. मामांना हा प्रकार फार आवडला. म्हणाले, "वाघाच्या पट्ट्यांसारखं हाय हे." बरोबरच आहे. ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ पट्ट्यांवरून ओळखतात, गाडी चेसिसवरून. नंबरप्लेट काय, कुणीही बदलेल.

सहा. विमा. कायद्यानं थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातं. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं कवच आपोआप मिळत नाही. १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवर आपलं नाव लावून घ्यायचं असतं. जुन्या मालकाच्या नावानं रिन्यू करत राहणं म्हणजे हप्ता भरायचा आणि क्लेमच्या वेळी तोंडावर पडायचं.

खर्च? डुप्लिकेटची मूळ सरकारी फी नोंदणी फीच्या निम्मी असते. खासगी कारची नोंदणी फी ६०० रुपये धरली तर ३०० रुपये. हस्तांतराचीही तितकीच. स्मार्ट कार्ड, टपाल आणि उशिराचं वेगळं. म्हणजे तीन हजारांत खोटी सही विकत घेण्यापेक्षा खरी सही कितीतरी स्वस्त होती. नागपूरचं तिकीट धरूनसुद्धा.

दोन प्रश्न तुमच्या मनात आले असतील, तेही घेतो.

पहिला: डिजिलॉकर आहे की, कार्ड कशाला? बरोबर. डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधली आरसी २०१८ पासून रस्त्यावर ग्राह्य धरली जाते, पोलिसांना मोबाइल दाखवलात तरी चालतं. पण डिजिलॉकर तुमच्या आधारवरचं नाव आणि आरसीवरचं नाव जुळवून बघतं. मामांच्या डिजिलॉकरमध्ये गुरुजींची गाडी कशी येणार? ज्यानं नाव बदललंय त्याचं कार्ड हरवलं तर फार काही बिघडत नाही. ज्यानं बदललं नाही, त्याला ते ॲप वाचवत नाही.

दुसरा: विकणारा वारला असेल तर? मग फॉर्म ३१ आहे. वारसांनी ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा. म्हणजे तुम्ही वारसांच्या दारात उभे, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, सगळं त्यांनी द्यायचं, आणि तुमच्या हातात फक्त स्टॅम्प पेपर. नागपूरहून परत येताना ट्रेनमध्ये मामा हेच म्हणाले. "गुरुजी ७४ चे हायेत रे. अजून दोन वर्सं मी टाळलं असतं, त..." वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

आता त्या अटीचं सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त तेच लक्षात राहिलंय.

कागद दाखल झाले, मी पुण्याला परतलो. गाडी अंगणात उभी. एका रात्री दीड वाजता दार वाजलं. शेजारच्या काकूंना दम लागला होता. गाडी समोर, किल्ली खुंटीला. मामी म्हणाली, काढा ना, गुरुजींना कोण सांगायला जातंय? मामा दोन मिनिटं किल्लीकडे बघत राहिले. मग टॉर्च घेऊन चार घरं पलीकडे गेले, एका पोराला उठवलं, त्याची बोलेरो काढायला लावली, आणि स्वतः काकूंना धरून मागं बसले. काकू बऱ्या आहेत आता.

मी फोनवर विचारलं, "मामाजी, अशा वेळी काढली असती तर गुरुजीही काही बोलले नसते."

मामा म्हणाले, "ते बोलले नसते, म्हणून त नाही काढली."

काही आठवड्यांनी टपालानं कार्ड आलं. मामांचं नाव. मामांनी पहिला फोन मला केला नाही, गुरुजींना केला. म्हणाले, "गुरुजी, आता तुमी मोकळे." आणि मग गाडी अंगणातून निघाली.

तर मंडळी, आजचा होमवर्क. एपिसोड संपला की एमपरिवहन उघडा आणि घरातल्या प्रत्येक गाडीचा नंबर टाकून बघा. बाबांची स्कूटर, दादाची बाइक, गावातली जीप. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, काही अक्षरं झाकलेली असतात, पण आपलं आहे की नाही एवढं कळतं. आणि तुम्ही विकलेल्या गाड्यांचे नंबरही टाका. हे जास्त महत्त्वाचं. कॉलेजात असताना ज्युनियरला दिलेली ती बाइक आठवतेय? ती आज कुठंतरी पळतेय, आणि कदाचित अजून तुमच्याच नावानं. तसं असेल तर त्या ज्युनियरला आजच फोन करा. नंबर बंद व्हायच्या आत.

आणि आरसी खिशात ठेवून मोह वेचायला जाऊ नका!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, गाडी सावकाश चालवा. जंगलाच्या रस्त्यावर तर अजून सावकाश.